ताटांतील नांवें : घोळाण्याच्या घरीं अरुगुला

मार्गशीर्षाच्या आरंभीं आमचा पुतण्या चार दिवसांसाठीं पुण्याहून परभणीस आला, तेव्हां त्याच्या सामानांत एक पारदर्शक डबी होती. डबींत मुळ्याच्या कोंवळ्या पाल्यासारखीं, कडेनें खोल कातरलेलीं हिरवीं पानें होतीं आणि झांकणावर नांव छापलें होतें ‘अरुगुला’. किंमत वाचून आमच्या सूनबाईंनीं ती डबी दोन वेळां उलटून पाहिली; कारण तेवढ्या पैशांत आठवडी बाजारांतून आमच्या एवढ्या मोठ्या घराला दोन दिवस पुरेल इतकी पालेभाजी येते.

आमच्या मातोश्री आतां पंचाऐंशीच्या घरांत आहेत. दांत थोडेच उरले आहेत, परंतु जीभ शाबूत आहे. पुतण्यानें एक पान त्यांच्या हातावर ठेविलें आणि म्हटलें, “आजी, हें खाऊन बघ. परदेशी भाजी आहे, कच्चीच खातात.” त्यांनीं पान सावकाश चावलें आणि म्हणाल्या, “परदेशी कशाची रे? ही तर मोहरीच्या घरची दिसते. नांव काय म्हणलास?” पुतण्यानें नांव दोनदां सांगितलें. तें कांहीं त्यांच्या तोंडीं बसेना. मग आमच्याकडे पाहून त्या सहज स्वरांत म्हणाल्या, “हिचा घोळाणा चांगला होईल. आणि हिचा डबा दिला, तर तो परत यायचा नाहीं.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ घरांत आमच्यावांचून कोणासच कळला नाहीं. तो पुढें सांगूं. आधीं पाहुणीचें कुळ पाहूं. कारण ताटांत आलेल्या पदार्थाला त्याचें मूळ गांव विचारल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, असा या सदराचा रिवाजच आहे.

मातोश्रींच्या जिभेनें केलेली परीक्षा वनस्पतिशास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे. अरुगुला ही मोहरी, मुळा आणि कोबी यांच्याच कुळांतील वनस्पति. या कुळाच्या फुलांस चार पाकळ्या असून त्या क्रुसासारख्या मांडलेल्या असतात. पान अखंड असतां त्याचा तिखटपणा सुप्त असतो. तें चिरलें किंवा चावलें, कीं आंतील पेशी फुटतात, पानांतील गंधकयुक्त द्रव्यावर एक विकर क्रिया करूं लागतें आणि मोहरी फेंसल्यावर येतो तसला झोंबरा स्वाद सुटतो. शिजविल्यानें तें विकर निकामी होतें आणि झोंब पुष्कळशी जाते. हें पान कच्चें खाण्याची जी रीत पडली तिचें इंगित यांत आहे.

आतां परदेशी म्हणाल, तर भूमध्य समुद्राच्या सभोंवतालचा प्रदेश हें तिचें माहेर खरें. परंतु हिंदुस्थानांत ती कालच आली असें मात्र नाहीं. राजस्थान, हरियाणा आणि पंजाब या भागांत हीच वनस्पति ‘तारामीरा’ या नांवानें हिंवाळ्यांत कोरडवाहू जमिनींत पेरतात. तेथें तिची योग्यता पानांसाठीं नसून बियांसाठीं आहे. बियांचें तेल उग्र व तिखट असतें आणि पेंड जनावरांस घालतात. आखाती देशांत नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांस हीच भाजी ‘जरजीर’ या अरबी नांवानें जुड्या बांधलेली मिळते. म्हणजे जे पान पुण्यास डबींत बसून येतें, तें एके ठिकाणीं बैलाच्या पेंडेचें झाड आहे आणि दुसरे ठिकाणीं गोरगरिबांच्या रोजच्या जेवणांतील जुडी आहे.

नांवाची कथा याहून मनोरंजक आहे. लॅटिन भाषेंत या पानास ‘एरुका’ म्हणत. सुरवंटासही त्या भाषेंत हाच शब्द होता. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांतून निघाले, कीं दोन निराळे शब्द उच्चारानें एक झाले, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें लिहून ठेविलें आहे, कीं एरुका उष्ण स्वभावाची आणि लेट्यूस शीत स्वभावाचें, म्हणून लोक या दोहोंस जेवणांत एकत्र करतात. आपल्याकडील कोणाही आजीबाईस हा विचार परका वाटणार नाहीं. 

या एरुकाचें इटलींत ‘रुका’ झालें. लाडकें रूप ‘रुकेत्ता’ झालें. तें फ्रान्सांत गेलें तें ‘रोकेत’ होऊन, आणि इंग्लंडांत पोहोंचलें तें ‘रॉकेट’ होऊन. इटलींतच दुसरीकडे ‘रुकोला’ हें रूप रुळलें, आणि दक्षिणेकडील खेड्यापाड्यांच्या बोलींत त्याच्या आरंभीं ‘अ’ लागून ‘अरुकुलु’ यासारखे उच्चार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं दक्षिण इटलींतील गरीब शेतकरी कुटुंबें हजारोंनीं अमेरिकेस गेलीं. त्यांनीं आपल्या परसांत हें पान लाविलें आणि त्यास आपल्या खेड्यांतील नांवानेंच हांक मारली. अमेरिकन उच्चारांत त्याचें ‘अरुगुला’ झालें. 1960 सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यविषयक लेखक क्रेग क्लेबोर्न यांनीं या भाजीविषयीं आणि तिच्या अनेक नांवांविषयीं लिहिलें, आणि हळूहळू परसांतलें पान मोठ्या उपाहारगृहांच्या ताटलींत जाऊन बसलें. 

त्याची प्रतिष्ठा पुढें इतकी वाढली, कीं 2007 सालीं अध्यक्षपदाची निवडणूक लढवीत असतां बराक ओबामा यांनीं आयोवा राज्यांतील शेतकऱ्यांपुढें अरुगुलाच्या दुकानांतील किमतीचा नुसता उल्लेख केला, तेवढ्यावरून विरोधकांनीं त्यांस श्रीमंती चोचल्यांचा मनुष्य ठरविलें. ज्या पानाला गरिबांनीं आपल्या बोलींतील नांव दिलें, तेंच नांव शंभर वर्षांच्या आंत श्रीमंतीचें लक्षण झालें. पान बदललें नव्हतें; खाणारे बदलले होते.

येथें एक सावधगिरीची सूचना. इंग्रजींत भाजीही रॉकेट आणि आकाशांत उडणारा बाणही रॉकेट; परंतु दोहोंचा सोयरसंबंध नाहीं. बाणाचें नांव इटालियन भाषेंतील सुताच्या रिळाच्या शब्दावरून, त्याच्या आकृतीमुळें पडलें. ध्वनि सारखा म्हणून कुळ एक असें समजणें, ही शब्दांच्या बाबतींत नेहमींची फसवणूक आहे, आणि ती होण्यास इंग्लंडास जावयास नको. आमच्या परभणी जिल्ह्यांत पाथरी नांवाचें प्राचीन गांव आहे. ज्ञानराजादि गणितज्ञांच्या ग्रंथांत येणारें गोदातीरचें पार्थपूर तें हेंच, असें मानतात. आणि अहमदनगरच्या निजामशाहीचें मूळ घराणें या पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचें, असें फेरिश्ता सांगतो. आतां आमच्या शेतांतून ‘पाथरी’ नांवाची एक रानभाजीही उगवते; पानें जमिनीसरपट पसरतात, चव किंचित् कडू असते आणि भाकरीबरोबर ती कच्चीच खातात. परंतु ती सबंध मराठवाड्यांत, वऱ्हाडांत, शेताच्या बांधावर सर्वत्र उगवते. तिला केवळ नांवावरून पाथरी गांवची लेक ठरविणें म्हणजे भाजीच्या रॉकेटमध्यें दारू भरण्यासारखें होईल.

आतां ‘सॅलड’ या शब्दाकडे वळूं. कच्च्या भाज्यांच्या पदार्थास हल्लीं घरोघर हाच शब्द लागतो. त्याचें मूळ लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ, यांत आहे. मीठ लाविलेला पाला तो सॅलड. पानाला काय केलें, यावरून पदार्थाचें नांव पडलें.

आमच्या मराठवाड्यांतील ‘घोळाणा’ हा शब्द अगदीं याच जातीचा आहे. कोंवळी मेथी, कांद्याची पात, करडईचीं पानें, हरभऱ्याचे शेंडे, पाथरी, यांपैकीं जें हातीं लागेल तें बारीक चिरावें आणि मीठ, तिखट, दाण्याचें कूट व कच्चें तेल यांत घोळावें, तो घोळाणा. ‘घोळणें’ या क्रियापदाशीं त्याचें नातें उघड आहे. येथेंही ध्वनीनें फसूं नये. घोळ नांवाची जी मांसल पानांची भाजी बाजारांत येते, तिच्यावांचूनही घोळाणा होतो आणि बहुधा तिच्यावांचूनच होतो. रोमन मनुष्यानें मिठाकडे पाहून नांव ठेविलें, आमच्या आज्यांनीं हाताच्या हालचालीकडे पाहून ठेविलें. इतकाच काय तो फरक.

कोशिंबीर आणि घोळाणा एकच, असें कोणी म्हणेल, तर आम्ही नम्रपणें असहमत आहों. कोशिंबिरीस दही लागतें, फोडणी लागते, तिची पानाच्या डाव्या बाजूस ठरलेली जागा असते. घोळाण्याचा विस्तवाशीं संबंधच येत नाहीं. तो भाकरीचा सोबती आहे, शेतांत बांधावर बसूनही होतो, आणि ताटांतील जागेविषयीं त्याची कांहीं तक्रार नसते. हीच त्याची निरुपद्रवी वृत्ति त्यास पुढें भोंवली.

घोळाण्यांतही करडईच्या घोळाण्याचें आम्हांस विशेष अगत्य आहे. करडई हें आमच्या काळ्या जमिनीचें रब्बीचें पीक. मूळ खोल जात असल्यामुळें जमिनींत मुरलेल्या ओलीवर तें निभावून जातें. ज्वारीच्या शेताच्या कडेनें करडईच्या ओळी पेरण्याची जुनी चाल आहे; झाड मोठें झालें कीं त्यास कांटे येतात आणि मोकाट गुरांस आपोआप अटकाव होतो. परंतु हे कांटे पुढचे. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं दाट उगवलेलीं रोपें विरळ करावयाचीं असतात, आणि तीं उपटलेलीं कोंवळीं रोपें हीच आमची भाजी. ती मिळण्याचे दिवस मोजके. अधिक वाट पाहिली, तर पान बोचूं लागतें. 

या करडईच्या नांवांचा संसारही अरुगुलाइतकाच मोठा आहे. संस्कृतांत ती कुसुंभ. तिच्या पाकळ्यांपासून निघणारा तो कुसुंबी रंग. जुन्या लुगड्यांच्या वर्णनांत हा शब्द आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. अरबींत फुलास ‘उस्फुर’ आणि बियांस ‘कुर्तुम’ म्हणतात. पहिल्या शब्दापासून युरोपांतील अनेक भाषांतून फिरत फिरत इंग्रजीचें ‘सॅफ्लॉवर’ झालें, आणि वाटेंत केशराच्या ‘सॅफ्रन’ या नांवाची छाया त्यावर पडली. दुसऱ्यापासून शास्त्रज्ञांचें ‘कार्थेमस’ झालें. परभणीस 1972 सालीं स्थापन झालेल्या आणि 2013 पासून वसंतराव नाईक यांचें नांव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषि विद्यापीठानें करडईचा जो एक सुधारलेला वाण दिला, त्याचें नांव ‘परभणी कुसुम’ आहे. म्हणजे संस्कृत नांवही आमच्याच गांवांत पुन्हां पेरलें गेलें. आणखी एक मौज अशी, कीं प्लिनीच्या काळापासून अरुगुलाचा सोबती असलेलें जें लेट्यूस, तें करडई, सूर्यफूल व पाथरी यांच्याच कुळांतलें आहे. रोमन ताटांत हीं दोन कुळें जशीं एकत्र आलीं, तशीं तीं आमच्याही ताटांत येऊं शकतात.

मात्र करडईचें पीक आतां झपाट्यानें कमी होत आहे. कांट्यांमुळें काढणी अवघड, मजूर मिळत नाहींत, आणि सोयाबीन निघाल्यावर शेतकऱ्याचा ओढा हरभऱ्याकडे असतो. बिनकांट्यांचे वाण निघाले आहेत, तरी शेताच्या कडेच्या त्या जुन्या ओळी पुष्कळ ठिकाणीं दिसत नाहींशा झाल्या. ओळी गेल्या म्हणजे विरळणी गेली. विरळणी गेली म्हणजे भाजी गेली. याचा दोष शेतकऱ्यास देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यानें करडई सोडली ती हिशेबानें. आम्हीं घोळाणा सोडला तो लाजेनें. आणि मातोश्रींच्या त्या वाक्याचा अर्थ येथेंच आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही शिक्षणासाठीं एका मोठ्या शहरांत वसतिगृहांत राहात होतों. हिंवाळ्यांत परभणीहून कोणी तिकडे निघालें, कीं मातोश्री त्यांजबरोबर डबा देत. त्यांत ज्वारीच्या भाकरी, ओल्या फडक्यांत गुंडाळलेलीं करडईचीं कोंवळीं पानें, आणि तिखटमीठ व तेल यांच्या निरनिराळ्या पुड्या-बाटल्या असत. कारण आधींच कालविलें तर पाल्यास पाणी सुटतें. एकदां डबा उघडतांच एका सोबत्यानें विचारलें, “हा पाला माणसांचा, कीं म्हशीचा?” सगळे हंसले. आम्हीही हंसलों. वाईट गोष्ट ही, कीं आम्ही सर्वांहून अधिक हंसलों. पुढच्या खेपेचा डबा आम्हीं न उघडतां आणणाऱ्या गृहस्थांबरोबर परत केला, आणि पत्रांत लिहिलें, कीं असलें कांहीं पाठवूं नये.

मातोश्रींनीं कारण विचारलें नाहीं. त्यानंतर डब्यांतून लाडू आणि चिवडा येऊं लागला. सुटींत घरीं आल्यावर आमच्या एक ध्यानांत आलें, कीं शहराकडील पाहुणे असले म्हणजे घोळाण्याचें भांडें पंगतींत फिरत नाहीं. तें स्वयंपाकघरांतच राही, आणि सर्वांचीं जेवणें झाल्यावर बायका तो भाकरीशीं खात. पुढें नोकरींत असतां एका मोठ्या उपाहारगृहांत तेल व मीठ लाविलेलीं कच्चीं पानें आमच्यापुढें आलीं. तीं आम्हीं चमच्यानें खाल्लीं, वाखाणलीं, आणि त्यांचे भरपूर पैसे दिले. आपण काय परत केलें होतें, हें त्या दिवशींही आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तें ध्यानांत आलें या मार्गशीर्षांत, एका म्हातारीनें पान चावून, रागाचा लवलेश न ठेवतां, डबा परत यावयाचा नाहीं असें म्हटलें तेव्हां.

आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “अरे, पोरवय होतं. पण पानं तुझ्यासाठीं निवडून घेतली होती, एवढंच.”

दुसऱ्या दिवशीं गांवाबाहेरील एका शेतांतून करडईचीं रोपें मिळालीं. पेरणी उशिराची असल्यानें पान अद्याप कोंवळें होतें. घोळाणा मातोश्रींनीं स्वतः केला. त्याची कृति सूनबाईंनीं त्यांच्याजवळ बसून लिहून घेतली, ती वाचकभगिनींसाठीं येथें देतों.

करडईचीं कोंवळीं पानें दोन भाग आणि अरुगुला एक भाग घ्यावा; अरुगुला नसल्यास मुळ्याचा अगदीं कोंवळा पाला चालेल. पानें कच्चीं खावयाचीं असल्यामुळें तीन-चार पाण्यांनीं धुवावीं, फडक्यावर पसरून पुरतीं निथळूं द्यावीं आणि बारीक चिरावीं. चातुर्मास नसेल व घरांत चालत असेल, तर थोडा कांदा चिरून घालावा. भाजलेल्या दाण्याचें जाडसर कूट मूठभर, चवीपुरतें लाल तिखट आणि करडईचें किंवा शेंगदाण्याचें घाणीचें कच्चें तेल दोन चमचे घालून हातानें हलकेंच घोळावें. मीठ अगदीं पान वाढतेवेळीं घालावें. दाबूं नये, चुरडूं नये. पान खालवर झालें म्हणजे पुरे. सोबत ज्वारीची गरम भाकरी असावी.

अरुगुला घरीं लावावयाचा असल्यास परभणीसारख्या ठिकाणीं थंडीचेच दिवस धरावे. कुंडींत बीं पेरलें, तर चार-सहा आठवड्यांत पानें खुडण्याजोगीं होतात. ऊन तापूं लागलें, कीं झाड लवकर फुलावर येतें आणि पान फार झोंबूं लागतें. करडईसाठीं मात्र एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्यास पेरणीच्या आधींच सांगून ठेवावें, कीं विरळणीचीं रोपें फेंकूं नयेत, आम्ही तीं विकत घेऊं. ज्या पाल्यास गिऱ्हाईक आहे, त्याची ओळ कदाचित् शेताच्या कडेला टिकून राहील.

त्या दिवशीं पंगतींत दोन पाहुणे होते. घोळाण्याचें भांडें प्रथम त्यांच्याकडे नेण्यांत आलें. एकानें विचारलें, “हें कोणतें सॅलड?” पुतण्या उत्तर देणार तोंच आम्हीं सांगितलें, “हा घोळाणा. आमच्याकडे हिंवाळ्यांत नेहमीं होतो.” ‘नेहमीं’ हा शब्द खरा नव्हता, पण यापुढें तो खरा करण्याचें आम्हीं मनांत धरिलें आहे.

वाचकांस एक विनंति. आपल्या घरांत कच्चीं खाल्लीं जाणारीं पानें कोणतीं, आणि त्यांच्या पदार्थास आपल्या आजी अथवा आजेसासूबाई काय म्हणतात, तें त्यांच्याजवळ बसून विचारावें व आम्हांस कळवावें. शब्द त्यांच्या उच्चाराप्रमाणेंच लिहावा, सुधारूं नये. आणि विचारावयाचें तें लवकर विचारावें.